ओल बिल्डरची, हप्ता तुमचा?

प्रश्न : ठाण्यात घोडबंदर रोडलगत सातव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर आमचा टू बीएचके आहे. ताबा मिळून सव्वाचार वर्षं झाली. पावसाळा लागला की मुलाच्या खोलीची पश्चिमेकडची भिंत ओल धरते, कपाटामागे काळी बुरशी येते. मुलगा सात वर्षांचा आहे, सारखा खोकतो. डॉक्टरांनी धुळीतल्या सूक्ष्म किड्यांची ॲलर्जी सांगितली आणि पंप (इनहेलर) दिला. थंडीत समोरच्या बांधकामाची धूळ असते, ती वेगळीच. दुकानदार दोन एअर प्युरिफायर (३९,०००), एक डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल खेचणारं यंत्र (२४,०००) आणि दोन वर्षांची एएमसी, म्हणजे देखभालीचा करार (११,५००) असं ७४,५०० रुपयांचं पॅकेज १२ महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर देतोय. हातात पगार ७८,०००, गृहकर्जाचा हप्ता २७,५००, घरखर्च ३८,०००, एसआयपी ६,०००. एफडी १,१०,०००. ऑगस्टमध्ये आरोग्य विम्याचे ३१,००० भरायचे आहेत. वर्षभर एसआयपी थांबवून हा ईएमआय भरावा का?

उत्तर : नको. मुलासाठी पैसे जरूर खर्च करा, पण या पॅकेजवर नको, आणि आत्ता एकदम तर नकोच.

तुमच्या पत्रातली सगळ्यात महागाची ओळ दुकानदाराच्या कोटेशनमध्ये नाहीच. ती आहे ‘ताबा मिळून सव्वाचार वर्षं झाली’ ही. रेरा, म्हणजे घरखरेदीदारांचं हित जपणाऱ्या कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताब्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामाच्या दर्जातला किंवा कारागिरीतला दोष दाखवून दिला, तर तो बिल्डरने ३० दिवसांत, एक पैसाही न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो. पावसाचा मारा झेलणारी पश्चिमेची बाहेरची भिंत पाझरत असेल, तर ती याच कलमात बसते. तुमच्या हातात जेमतेम नऊ महिने आहेत, आणि त्यातला ओल डोळ्यांना दिसेल असा पावसाळा हा एकच. ती ओल २४,००० च्या यंत्रामागे लपवलीत, तर पुढच्या वर्षी बाहेरून वॉटरप्रूफिंग करायचा खर्च तुमच्याच, नाहीतर सोसायटीच्या माथी येईल.

म्हणून आधी ओल कुठून येते ते बघा. प्लास्टिकच्या जाड पिशवीचा फूटभर चौकोन कापा, भिंतीचा तेवढा भाग पुसून कोरडा करा आणि चौकोन चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा. दोन दिवसांनी पाहा. थेंब खोलीच्या बाजूला असतील तर ओल घरातल्या हवेची आहे, प्लास्टिकच्या आत भिंतीच्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतून येतंय. दोन्हीकडे असतील तर दोन्ही. फोटो तारखेसकट काढून ठेवा. भिंतीतलं पाणी निघालं तर बिल्डरला ईमेल करा आणि तेच पत्र रजिस्टर पोस्टानेही पाठवा. ताब्याच्या पत्राची प्रत जोडा. सोसायटी झाली असेल तर सेक्रेटरीलाही एक प्रत देऊन पोच घ्या, कारण गच्चीतून किंवा बाहेरच्या पाइपातून होणारी पावसाची गळती आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे) सोसायटीच्या खर्चाने दुरुस्त व्हायची असते. ३० दिवसांत हालचाल झाली नाही, तर या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, म्हणजे महारेराकडे ५,००० रुपये शुल्क भरून ऑनलाइन तक्रार करता येते. तोवर त्या भिंतीला पुट्टी-रंग लावू नका. ओल्या भिंतीवरचा रंग पोपडे धरतोच, शिवाय ‘तुम्हीच काम करून घेतलंत’ म्हणायला बिल्डर मोकळा होतो.

आता यंत्रांकडे. प्युरिफायर हवेतली धूळ धरतो, आर्द्रता एका टक्क्यानेही उतरवत नाही. डीह्युमिडिफायर पाणी खेचतो, धुळीला हात लावत नाही. तुमच्याकडे ओलीचा त्रास जून ते सप्टेंबर आणि धुळीचा साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. म्हणजे तिन्ही यंत्रं एकत्र विकत घेण्याची सोय दुकानदाराची आहे, तुमची नाही.

डीह्युमिडिफायरचं गणित एकदा नीट बघा. तुमची खोली १० बाय १२ फूट आणि उंची साडेनऊ धरली, तर आत सुमारे ३२ घनमीटर हवा मावते. २७ अंशांना ८५ टक्के आर्द्रता ५५ वर आणायला त्या हवेतून फक्त पाव लिटर पाणी काढावं लागतं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण खिडकी किलकिली ठेवून तासाला एकदा हवा बदलली, की दर तासाला नवं पाव लिटर आत येतं, म्हणजे दिवसाला सहा लिटर. दोरीवर वॉशिंग मशिनमधले कपडे टाकले तर एका धुण्यामागे आणखी दोनेक लिटर. खोक्यावर छापलेले ‘दिवसाला १२ लिटर’ हे सहसा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला मोजलेले असतात. आर्द्रता साठाकडे उतरली की तेच यंत्र निम्म्यावर येतं. म्हणून खिडकी उघडी ठेवून, आत कपडे वाळत घालून डीह्युमिडिफायर लावणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणं. त्यात ३०० वॅटचं यंत्र रोज १० तास चाललं तर तीन युनिट. १२ रुपये युनिट धरले (बिलावर तुमचा वरचा टप्पा तपासा) तर चार महिन्यांचे सव्वाचार हजारांच्या वर जातात, आणि ही सगळी वीज उष्णता होऊन त्याच खोलीत राहते. कपाटात ठेवायचे कॅल्शियम क्लोराईडचे डबे कपाटापुरते ठीक, महिनाभरात अर्धा लिटर पाणी धरणाऱ्या डब्याने खोली वाळत नाही.

आधी पाचशेच्या आतबाहेरचं डिजिटल आर्द्रतामापक आणा. ते खरं बोलतंय का हे घरीच कळतं. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, ओलसर होईल इतकेच थेंब पाणी घाला, मापकासोबत झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ हवा. ७० दाखवला तर पुढे प्रत्येक वेळी पाच मिळवा. मग कपडे त्या खोलीतून हलवा, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा आणि त्या खोलीत एसी असेल तर दारं-खिडक्या लावून ड्राय मोडवर चालवा. पंधरा दिवस रोज सकाळ-रात्र आकडा लिहा. एवढं करूनही ६५ च्या वर राहिला तरच डीह्युमिडिफायरचा विचार करा.

डॉक्टरांनी सांगितलेले किडे गादी-उशीत राहतात आणि दमट हवेत फोफावतात. त्यांची घाण जड असते, फार वेळ तरंगत नाही. म्हणून या ॲलर्जीत प्युरिफायरपेक्षा गादी-उशीला घट्ट विणीची चेनवाली खोळ आणि आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात चादरी-अभ्रे धुणं जास्त कामाचं. तीनेक हजारांत भागेल. बुरशी कोरड्या ब्रशने घासू नका, कण खोलीभर उडतात. मास्क लावून, मुलाला बाहेर ठेवून, साबणाच्या पाण्याच्या फडक्याने पुसा आणि पंखा लावून वाळवा. पंप डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायचा नाही, यंत्र आलं तरी.

प्युरिफायर एक घ्या, मुलाच्या खोलीपुरता, दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये. ‘५०० चौरस फुटांसाठी’ या छापील वाक्याकडे पाहू नका, सीएडीआर विचारा, म्हणजे यंत्र तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं तो आकडा. तासाला पाच वेळा हवा गाळायची तर ३२ घनमीटरला १६० पुरतो. पण हा आकडा पंखा पूर्ण जोरात असतानाचा असतो आणि त्या आवाजात मूल झोपत नाही. म्हणून ३०० च्या आसपासचा घ्या आणि मधल्या वेगावर चालवा. २५० सीएडीआरचं यंत्र ५०० फुटांत तासाला दोनदाही हवा फिरवत नाही, तरी खोक्यावर ५०० छापलेलं असतं. १२-१३ हजारांत काम होईल. दुकानात उदबत्ती लावून हवेतल्या धुळीचा आकडा ४०० वरून १२ वर उतरवून दाखवतात, तो काचेच्या छोट्या केबिनमधला खेळ आहे. आयोनायझर (हवेत विद्युतभारित कण सोडणारा भाग) असला तर बंद करता यायला हवा, कारण त्यातून ओझोन सुटू शकतो आणि तो खोकणाऱ्या छातीला वाईट. ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत ओलावा सोडणारं यंत्र जोडलेलं मॉडेल तर ठाण्यात फुकट दिलं तरी नको.

यंत्राआधी फिल्टरची किंमत विचारा, वर्षाला तीनेक हजार धरून चाला. हेपा, म्हणजे बारीक धूळ धरणारा आतला फिल्टर धुतला की गेला. बाहेरची जाळी पंधरवड्याने व्हॅक्यूम केली की एएमसीवाला जे करायला येणार तेच झालं, त्याचे ११,५०० कशाला? पावसाळ्यात धुळीचा थर बसलेला फिल्टर दमट हवेत ठेवला तर वास मारतो. तेव्हा फेब्रुवारीनंतर काढून कोरड्या पिशवीत बांधून ठेवा.

आता हप्ता. ‘शून्य टक्के व्याज’ असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलंय. बँकेचा दर १६ टक्के धरला, तर तुमच्या ७४,५०० मध्ये सुमारे ६,०७० व्याज आहे, दुकान ते सवलत म्हणून आधी वजा करतं इतकंच. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, सुमारे १,०९०, आणि प्रोसेसिंग फी तुमच्या कार्डावर वेगळी लागते. रोखीने किती, असं विचारलं की ती सवलत कुणाची ते कळतं. दुसरीकडे वर्षभराचे एसआयपीचे ७२,००० गेले. दहा टक्के परतावा धरला (हमी कोणी देत नाही) तर मुलगा एकोणीस वर्षांचा होईल तेव्हा ते दोन लाखांच्या पुढे गेले असते.

मला खरी काळजी एफडीची आहे. महिन्याचा हप्ता आणि घरखर्च मिळून ६५,५००, म्हणजे तुमची गंगाजळी दोन महिनेही पुरत नाही. आणि विमा तर एक दिवसही चुकवू नका. मुदत उलटून पॉलिसी लॅप्स झाली तर नव्या पॉलिसीत मुलाचा हा त्रास आधीपासूनचा आजार ठरेल आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागेल. ३१,००० हा ऑगस्ट २०२५ चा आकडा असेल तर नोटीस पुन्हा वाचा. त्यात १८ टक्के जीएसटीचे सुमारे ४,७०० होते, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. मूळ हप्ता वाढला नसेल तर २६,३०० च्या आसपास भरावे लागतील.

एसआयपी चालू ठेवूनही महिन्याला ६,५०० उरतात. जुलै-ऑगस्टच्या १३,००० मधून मापक आणि खोळी घ्या, उरलेले विम्याला लावा, कमी पडतील तेवढे एफडीतून काढा. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या १३,००० मध्ये प्युरिफायर येतो. नोव्हेंबरपासून २,६०० पुढच्या वर्षीच्या विम्यासाठी बाजूला आणि बाकीचे एफडीत. बिल्डरच्या पत्राला मात्र ऑक्टोबरची वाट पाहू नका. प्लास्टिकचा चौकोन या शनिवारी लावलात, तर सोमवारी फोटो हातात असतील.