पहिल्यांदा नेत्राणीला जाताना

नेत्राणी म्हणजे कर्नाटकातल्या मुरुडेश्वरसमोरचं बेट, स्कूबा डाइव्हिंगसाठी जातात ते. मुरुडेश्वरहून बोटीला दीडेक तास लागतो, पण खरं मळमळतं ते बेटापाशी नांगर टाकून बोट डुलायला लागली की. रिकाम्या पोटी येऊ नकोस. दोन इडल्या पुरेत, तेलकट वडा नको. मळमळीची गोळी निघण्याआधी तासभर घे, तीही डॉक्टरांना विचारून. काही गोळ्यांनी झोप येते, आणि पाण्याखाली पेंग परवडत नाही. मोबाईल खिशात, नजर क्षितिजावर, डिझेलच्या धुरापासून लांब.

कॅमेरा? पहिल्या चार-पाच डाइव्हना नकोच. आधी प्रवाळाला लाथा न मारता तरंगता येऊ दे! मग गोप्रो (छोटा अ‍ॅक्शन कॅमेरा) घेतलास तर हाउसिंगही, म्हणजे त्याची पाणी न शिरणारी पेटीही घे. नुसता तो 10 मीटरपर्यंतच चालतो. हाउसिंगची रबरी रिंग बोटाने चाचपून बघ. माझ्या रिंगेत डोक्याचा एक केस अडकला होता, तेवढ्यानेही आत पाणी शिरलं.