टाळूतला हाडाचा उंचवटा : "आपल्याकडे कमी असतो" म्हणून घाबरायचं कारण नाही

कुरखेड्याकडच्या भाऊंनी विचारलं आहे की आईच्या टाळूला मधोमध टणक उंचवटा आहे, तोंड तपासणीच्या शिबिरात कार्डावर "गाठ" एवढंच लिहून नागपूरला जायला सांगितलं. नेटवर वाचलं की अशी हाडाची वाढ (डॉक्टर तिला टोरस म्हणतात) थायलंडकडे आणि उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांत जास्त, भारतात कमी. मग आईचं हे दुसरंच काही तर नाही?

भाऊ, कमी म्हणजे किती ते आधी पाहा. दक्षिण थायलंडमधल्या तपासण्यांत टाळूचा टोरस साठ टक्क्यांच्या आसपास सापडला आहे. नॉर्वेत 1992 मध्ये सुमारे 5000 जणांची पाहणी छापून आली, तिथे टाळूचा नऊ टक्के आणि खालच्या जबड्याचा सात टक्के. भारतातल्या काही अभ्यासांत आकडा दहाच्या आत आहे. आता समजा आपल्याकडे शंभरात पाचच धरले, तरी दोन हजार मोठ्या माणसांच्या गावात शंभर जण झाले. त्यातल्या बहुतेकांना आपल्या तोंडात हे आहे याचा पत्ताही नसतो, कारण दुखत नाही. खर्रा-तंबाखूचा कॅन्सर इकडे बहुतेक करून गालाच्या आत, हिरडीच्या कडेला, जिभेच्या बाजूला दिसतो. टाळूच्या ऐन मध्यरेषेवर, दगडासारखा, वर्षानुवर्षं तसाच असलेला उंचवटा ही त्याची नेहमीची जागा नाही.

देशोदेशीचे आकडे फार मनावर घेऊ नका, माझं मत स्पष्ट आहे. आनुवंशिकता आहेच, घरात एकाला असेल तर भावंडांतही सापडतो. दात करकर चावायची सवय, जबड्यावरचा ताण यांचाही हात असावा असं मानतात. नॉर्वेत तर मासे खाण्याशी संबंध जोडून पाहिला गेला. पण आकडा हलतो तो मोजणाऱ्यामुळेही. कोणी नुसतं पाहतं, कोणी बोटाने चाचपतं. चाचपल्यावर चपटी कड जास्त सापडते, ती मोजायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवलेलं असतं. कुठे जिवंत माणसं तपासली, कुठे जुन्या कवट्या. टाळूचा टोरस बायकांत जास्त आढळतो आणि लहान मुलांत क्वचितच, तो मोठेपणी हळूहळू वाढतो. त्यामुळे वयस्क बायका जास्त असलेल्या ओपीडीत मोजलं तर आकडा चढणारच.

आता आईंचं पाहा. (मी त्यांचं तोंड पाहिलेलं नाही, दाताच्या डॉक्टरांना दाखवायचंच आहे.) हात धुवा, मान मागे टाकायला सांगा, मोबाइलचा टॉर्च लावा. बोट दाबल्यावर कपाळाच्या हाडासारखं लागलं पाहिजे. हलत नाही, दबत नाही, दुखत नाही, वरची कातडी पातळ पण अखंड. आकार चपटा, लांबट किंवा दोन-चार टेकाडांचा असू शकतो. खालच्या जबड्यात हेच जिभेच्या बाजूला, सुळ्याच्या आणि उपदाढांच्या आसपास असतं, बहुधा दोन्हीकडे.

मधोमध नसेल तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा. टाळूच्या एका बाजूला, मागे जिथे टणक टाळू संपून मऊ टाळू सुरू होतो तिथली गाठ लाळग्रंथीची असू शकते. किडलेल्या दाताजवळ एका बाजूला फुगलं असेल तर पू असू शकतो. समोरच्या दातांच्या अगदी मागे बारीक मऊ फुगवटा सगळ्यांनाच असतो, पण तिथेच मोठी, दबणारी सूज आली तर ती दाखवायची. महिन्या-दोन महिन्यांत वाढलेली गाठ, हलणारे दात, बधिरपणा यापैकी काहीही असेल तर या आठवड्यात निघा.

त्या कार्डाबद्दल मात्र बोलल्याशिवाय राहवत नाही. शिबिरं हवीतच, इथे कितीतरी लोकांचं तोंड आयुष्यात पहिल्यांदा तिथेच उघडतं. पण "गाठ" लिहिताना कुठे, किती मोठी, टणक की मऊ, कधीपासून एवढं लिहायला काय जातं? पुढच्या टेबलावरचा माणूस तो शब्दच खरा धरतो. आमच्या घरच्या माणसाला सगळ्यात महाग पडलं ते हेच. एका ठिकाणी, नाव घेत नाही, बोट न लावता कार्ड वाचून थेट तपासणीसाठी तुकडा काढायला घेतला. टोरसवरची कातडी पातळ, तिला रक्तपुरवठा कमी, खालचं हाड उघडं पडलं की भरायला फार वेळ लागतो. सावजी रस्सा सोडा, साधं वरणही झोंबतं. आणि रिपोर्टमध्ये काय, तर साधं हाड. टोरसचं निदान बहुतेक वेळा पाहून आणि चाचपूनच होतं, शंका असली तर आधी एक्स-रे. म्हणून तुकडा काढायचं कोणी म्हटलं तर "कशाचा संशय आहे" हे विचारा आणि कागदावर लिहून मागा. त्यावर कोणी चिडलं तर चिडू द्या.

एक गोची मात्र खरी आहे. फुटाणे, भाकरीचा कडक पापुद्रा, सुपारीचं खांड यांनी टोरसवरची कातडी सोलवटते आणि जखम रेंगाळते. दिसायला ती वाईट दिसते. मऊ खा, मिठाच्या कोमट पाण्याने चुळा भरा. दोन आठवड्यांत भरली नाही तर टोरस आहे म्हणून गप्प बसू नका, तेव्हा तपासणी हवीच.

खर्ऱ्याने टोरस होतो असं सिद्ध नाही. पण आई खर्रा किंवा गुळाखू (दातांना घासायची तंबाखूची लगदी) घेत असतील तर त्यांची स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का ते पाहा. जात नसतील, म्हणजे तोंड पुरेसं उघडत नसेल, तर टाळू विसरा, आधी गालाचं दाखवा.

काढायचा कधी? बोलायला-गिळायला अडथळा होत असेल, वरचेवर सोलवटत असेल, किंवा कवळी बसत नसेल तर. कवळी करणाऱ्याला माप घेण्याआधीच उंचवटा दाखवा. तो त्या जागी प्लेटच्या आत पोकळी ठेवतो किंवा मधला भाग कापून घोड्याच्या नालेच्या आकाराची प्लेट करतो. तसं केलं नाही तर कवळी टोरसवर डुगडुगते आणि खाली जखम करते. टोरस पार मऊ टाळूपर्यंत गेला असेल तर मागची कड हवाबंद बसत नाही, तेव्हा शस्त्रक्रियेचा विचार. हाडं ठिसूळ झाल्याची आठवड्याची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन चालू असेल तर ते आधी सांगा, त्या औषधांवर जबड्याचं हाड भरायला त्रास होतो.

नागपूरला जाणारच असाल तर शासकीय दंत महाविद्यालयात जा आणि केस पेपर काढताना तोंडाच्या रोगनिदानाचा विभाग मागा, नाहीतर दात काढायच्या रांगेत उभं करतील. वर्धेची बाजू सोयीची असेल तर सावंगीलाही दंत महाविद्यालय आहे. चालू औषधांच्या पट्ट्या सोबत न्या, आणि टाळूचा एक फोटो आजच काढून ठेवा, पुढे वाढला की नाही हे सांगायला उपयोगी पडेल.