एथिक्सचा फॉर्म परत आला की

गेल्या काही महिन्यांत एकच वाक्य इतक्या मुलांच्या तोंडून ऐकलंय की आता समुपदेशनासाठी दारातून आत येणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावरूनच ओळखते. "मॅडम, एथिक्सवाल्यांनी परत पाठवलं." प्रोजेक्ट पदवीचा असो, एमएचा असो की पीएचडीचा, माणसांकडून माहिती घ्यायची म्हटली की आधी एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनात कुणाला त्रास होणार नाही ना हे बघणाऱ्या समितीची, मंजुरी लागते, आणि तो फॉर्म शेरे घेऊन परत आला की मुलं पार खचून जातात, झोप उडते, गाइडचा फोन उचलायची भीती वाटते, काही जण तर घाबरून विषयच बदलून टाकतात. म्हणून एका मुलीची गोष्ट सांगते. तिची परवानगी घेतलीय, ओळख पटेल असं सगळं बदललंय, नाव आपण मीरा ठेवू.

मीराचा विषय होता शिक्षणात वर्ष वाया गेलेले विद्यार्थी त्यातून कसे सावरतात, आणि त्यासाठी ती मुलाखती घेणार होती. फॉर्म तीनदा परत आलेला. पहिल्या दिवशी खुर्चीच्या अगदी टोकावर बसली होती, हातात प्रिंटआउटची सुरळी.

"त्यांना वाटतं मी लोकांना त्रास देणार आहे. मी आयुष्यात कुणाचं वाईट केलं नाहीये मॅडम."

"असं लिहिलंय त्यांनी?"

"म्हणजे तोच अर्थ होतो ना."

"जे लिहिलंय ते वाच बरं."

तिने सुरळी उलगडली. 'मुलाखतीदरम्यान सहभागी व्यक्ती अस्वस्थ झाल्यास काय करणार ते लिहावे.' एवढंच होतं. तिन्ही वेळा साधारण हेच.

मी ज्या विचारांत घडले तिथे मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांचा एक मुद्दा पक्का भिनवला जातो, प्रसंगापेक्षा त्या प्रसंगाबद्दल आपण मनात जे बोलतो ते जास्त छळतं. मीरा मनात म्हणत होती, मी चांगली असेन तर फॉर्म एका फटक्यात पास व्हायलाच हवा. या 'व्हायलाच हवा'वर आम्ही दोन भेटी घालवल्या. दुरुस्त्या सुचवून फॉर्म परत येणं ही रोजची गोष्ट आहे, नकार वेगळा असतो, आणि कमिटीतले लोक तुमचा स्वभाव तपासत नसतात, तुमच्या कागदावर समोरच्या माणसाची सोय दिसते का ते बघतात. हे तिला पटलं, झोप जरा सुधारली, पण राग जाईना.

एकदा तर म्हणाली, "हे सगळे नियम औषधांच्या प्रयोगांसाठी असतात हो, मी फक्त बोलणार आहे."

मुलांना इतिहास सांगावा लागतो, मी सांगते. १९३२ ते १९७२, तब्बल चाळीस वर्षं अमेरिकेत टस्कीगीला सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांवर 'अभ्यास' चालला, पेनिसिलीन आल्यावरही त्यांना ते दिलं नाही, नेमका आजार काय तेही सांगितलं नाही. त्यातून गदारोळ झाला, पुढे १९७९ मध्ये बेलमाँट अहवाल आला, माणसाचा मान राखा, त्याचं भलं बघा, न्यायाने वागा, ही तीन तत्त्वं त्यात आहेत आणि आजच्या बहुतेक फॉर्मांच्या मुळाशी तीच आहेत. पण मीराला मी मानसशास्त्रज्ञ मिलग्रॅम यांच्या प्रयोगाची आठवण करून दिली, कारण परीक्षेत तिने त्याच्यावर उत्तर लिहिलेलं होतं. १९६१ मध्ये येल विद्यापीठात सुरू झालेल्या त्या प्रयोगात सहभागी माणसांना सांगितलं होतं की दुसऱ्या खोलीतला माणूस चुकला की बटण दाबून त्याला वाढत जाणारा शॉक द्यायचा. त्या माणसाला खरा शॉक बसत नव्हता, पण बटण दाबणाऱ्यांना ते माहीत नव्हतं. पहिल्या प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टपर्यंत गेले हे तिला तोंडपाठ होतं. मी विचारलं, ते बटणं दाबणारे घामाने डबडबले होते, थरथरत होते, ते घरी गेल्यावर काय करत असतील? तिथे तर नुसती बटणं होती आणि बोलणं होतं. ती गप्प झाली. पटलं असं नाही, पण गप्प झाली.

आता जे सांगायचंय ते चौथ्या भेटीतलं.

पहिल्या दिवशी बोलता बोलता मीरा एक वाक्य टाकून पुढे गेली होती, "मला माहितीये ना कसं असतं ते, माझंही एक वर्ष गेलंय." इतकी वर्षं हे काम करून कान तयार झालेत, माणूस जे घाईघाईत बोलून पुढे सरकतो ते मी जपून ठेवते. तर मी म्हटलं, फॉर्म राहू दे आज, मुलाखतीचे प्रश्न दे. आज मी मुलाखत घेते, तू उत्तरं दे.

तिला गंमत वाटली. पहिले तीन प्रश्न तिने भराभर उडवले, कोणतं वर्ष, कारण काय, मित्रमैत्रिणी काय म्हणाले. चौथा तिनेच लिहिलेला होता, 'घरी तुम्ही हे पहिल्यांदा कसं सांगितलंत?'

हातातल्या पेनचं टोपण काढलं, लावलं, काढलं, लावलं. मग म्हणाली, "पुढचा घ्या ना."

"घेते. घाई नाहीये."

"नाही सांगितलं. बाबांना अजून वाटतं मी त्या वर्षी इंटर्नशिप करत होते."

आणि मग ती जी रडली, ते बराच वेळ. मी प्रश्नांचा कागद उलटा ठेवला, पाणी पुढे सरकवलं आणि काहीच बोलले नाही. अशा वेळी बोलायचा मोह फार होतो, तो आवरायला मला कित्येक वर्षं लागली. थोड्या वेळाने डोळे पुसून ती त्या कागदाकडेच बघत राहिली.

"तुम्ही कागद उलटा ठेवलात."

"हो."

"मी नसता ठेवला. मी रेकॉर्डर तसाच चालू ठेवला असता आणि म्हटलं असतं, ओके, पुढचा प्रश्न."

मग तिनेच बॅगेतून फॉर्म काढला, तो रकाना शोधला. अस्वस्थ झाल्यास काय करणार? तिथे तिच्या सुबक अक्षरात दोन शब्द होते. लागू नाही.

"तीनदा लिहिलंय मी हे," ती म्हणाली.

मला त्या क्षणी जे उमगलं ते तेव्हापासून प्रत्येक मुलाला सांगते. ज्या रकान्यात आपण बिनधास्त 'लागू नाही' लिहितो तिथे एकदा थांबून बघायचं, बऱ्याचदा आपलंच काहीतरी तिथे झाकलेलं असतं. कमिटीला मीराच्या बाबांबद्दल काय माहीत असणार, पण बाहेरच्या माणसाला जे दिसतं ते आतल्याला दिसत नाही. मानसशास्त्रज्ञ झिम्बार्डो यांनी १९७१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात विद्यार्थ्यांना कैदी आणि पहारेकरी करून तुरुंगाचा प्रयोग केला, दोन आठवड्यांसाठी आखलेला, त्यात ते स्वतःच तुरुंगाचे अधीक्षक होऊन बसले आणि इतके गुंतले की बाहेरून आलेल्या क्रिस्टिना मास्लाक यांनी 'हे भयंकर आहे' असं तोंडावर सांगेपर्यंत त्यांना काही जाणवेना, आणि प्रयोग सहाव्या दिवशी थांबवला गेला. शेरा लिहिणारा माणूस तुमच्यासाठी तेच काम करतो, फक्त आधीच करतो. आणि हो, आपली जखम असलेला विषय निवडू नये असं मी अजिबात म्हणत नाही. अशी मुलं फार चांगलं ऐकतात, फक्त जखम कुठे आहे ते आधी माहीत हवं.

बाकी ज्यांचा फॉर्म आत्ता अडकलाय त्यांनी एवढं करा. स्वतःचा कन्सेंट फॉर्म, म्हणजे सहभागी व्यक्तीने सही करायचं संमतीपत्र, घरातल्या कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा, जिथे ते 'म्हणजे काय?' विचारतील तिथे वाक्य बदला. समोर बसून मुलाखत घेणार असाल तर 'निनावी' लिहू नका, तुम्हाला तो माणूस माहीत आहे, ते 'गोपनीय' होतं. ऑनलाइन सर्व्हे खरोखर निनावी असेल तर 'कधीही माघार घेऊ शकता' हे वचन खोटं ठरतं, कारण सबमिट झाल्यावर कुणाचं उत्तर कोणतं हे तुम्हालाच कळणार नाही, तेव्हा सबमिट करेपर्यंत असं लिहा. प्राचार्यांची परवानगी मिळाली म्हणजे विद्यार्थ्यांची संमती मिळाली असं होत नाही, आणि आपल्याच हाताखालची माणसं नाही म्हणू शकतील का हा प्रश्न तर स्वतःला विचाराच. मंजुरीआधी डेटा घेऊ नका, मित्रांवर 'जरा करून बघितलं' तेही नको, नंतर मागच्या तारखेची मंजुरी मागायला गेलात तर बहुतेक ठिकाणी मिळत नाही आणि तो डेटा वाया जातो. आणि शेऱ्यांना उत्तर देताना एकेक शेरा घेऊन खाली काय बदललं, कुठल्या पानावर, ते लिहा. राग आलेल्या दिवशी मात्र उत्तर पाठवू नका.

मीराने तो रकाना त्याच आठवड्यात नव्याने भरला. सहभागी व्यक्ती थांबली तर मी रेकॉर्डर बंद करीन आणि प्रश्नांचा कागद उलटा ठेवीन. पुढे जायचं की नाही हे ती व्यक्ती ठरवेल. समुपदेशन केंद्राचा नंबर आधीच हातात दिलेला असेल. चौथा प्रश्न तिने काढला नाही, पण त्याच्या आधी 'हा प्रश्न सोडला तरी चालेल' असं जोडलं. बाबांना सांगायचं की नाही हे तिचं तिने ठरवायचं होतं, त्यावर आम्ही पुढे वेगळ्या भेटी घेतल्या, त्या इथे सांगणार नाही.

महिन्याभराने तिचा मेल आला. "मॅडम, चौथ्यांदा परत आला. एकच शेरा आहे, रेकॉर्डिंग कधी डिलीट करणार ते लिहा म्हणतायत. बरोबरच आहे, राहिलंच होतं. आज लिहून पाठवते."