‘आमच्या ग्रूपमधला ब्रुनो आजारी आहे’ : श्वानपालकांची प्रश्नोत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच जणांचा स्वतःचा कुत्रा ठणठणीत आहे. आजारी आहे तो टेकडीवरच्या मित्राचा, वरच्या मजल्यावरच्या काकूंचा, नाहीतर जावेचा. आपण काय करायचं, काय बोलायचं, बोलायचं की नाही, असे त्यांचे प्रश्न आहेत. म्हणून या वेळी तेवढेच प्रश्न घेतले आहेत.

सकाळी टेकडीवर आमचा आठ-दहा जणांचा ग्रूप असतो. त्यातल्या एका काकांच्या लॅब्रॅडॉरच्या, ब्रुनोच्या, किडन्या गेल्या आहेत, रक्तातलं क्रिएटिनिन सहा आहे. ग्रूपवर रोज कुणीतरी नवा उपाय टाकतं. काका आता टेकडीवर येईनासे झालेत. त्यांना काय सांगावं? (कोथरूड)

काहीही सांगू नका. सांगणारे त्यांना भरपूर भेटले आहेत, आणि टेकडीवर न येण्याचं ते एक कारण असू शकतं.

तरी तुम्हाला कल्पना असावी म्हणून सांगते. कुत्र्यांच्या जुन्या किडनीविकाराच्या चार पायऱ्या मानतात आणि क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा, पण रक्तात साठणारा कचरा) पाचच्या वर टिकून राहिलं तर ती चौथी, म्हणजे शेवटची. पण अंगातलं पाणी कमी झाल्यामुळे किंवा पावसाळ्यात लेप्टोमुळेही (लेप्टोस्पायरोसिस हा जंतुसंसर्ग) आकडा अचानक चढतो आणि उपचारांनी उतरतोही. त्यामुळे एका रिपोर्टवर कुणी निकाल लावत नाही. ग्रूपवर तर नाहीच नाही.

ग्रूपवरच्या उपायांपैकी दोन मात्र लगेच थांबवा. ‘सांधे दुखत असतील, ब्रुफेन द्या’ हा पहिला. आयबुप्रोफेन (म्हणजेच ब्रुफेन) आणि डायक्लोफिनॅक ही माणसांची औषधं कुत्र्याच्या पोटात अल्सर करतात आणि किडनीला आणखी मार देतात. डायक्लोफिनॅक जनावरांना द्यायला २००६ पासून आपल्याकडे बंदी आहे. ती गिधाडांमुळे आली, कारण हे औषध दिलेली मेलेली जनावरं खाऊन ती मरत होती, पण आपल्या घरातल्या फर्स्ट एडच्या डब्यात ते असतंच. दुसरा उपाय म्हणजे ‘खात नाही ना, मग त्याच्या आवडीचं काहीतरी द्या’. किडनीच्या पेशंटला फॉस्फरस कमी असलेला आहार लागतो, आणि प्रेमाने येणारे पदार्थ, म्हणजे कलेजी, हाडं, अंडी, दूध, नेमके फॉस्फरसने भरलेले असतात. प्रसादाच्या शिऱ्यातल्या मनुका तर धडधाकट कुत्र्याचीही किडनी बिघडवू शकतात.

आता कामाचं. अशा कुत्र्याला बहुधा घरीच त्वचेखाली सलाईन द्यायला सांगतात. बाटली कोमट पाण्याच्या बादलीत ठेवून जरा गरम करायची, पडद्याच्या रॉडला अडकवायची, खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत वर उचलायची आणि खाली तयार झालेल्या पोकळीत सुई सरकवायची. पाणी साठून तिथे फुगवटा येतो, कधी तो ओघळून पुढच्या पायापर्यंत उतरतो. घरचे घाबरतात. काही तासांत तो जिरतो. अवघड काहीच नाही, फक्त ते दोन हातांचं काम नाही. एकाने सुई सांभाळायची, दुसऱ्याने डोकं मांडीवर घेऊन पंधरा मिनिटं त्याला बसवून ठेवायचं. काका एकटे असतील तर रोज संध्याकाळी तुमच्यापैकी एकाने जायचं, वार वाटून घ्यायचे. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणू नका, कारण कुणीच सांगत नाही. ‘मंगळवारी आणि शुक्रवारी सात वाजता मी येतोय’ असं म्हणा.

आणि गेल्यावर ब्रुनोच्या तब्येतीवरच बोललं पाहिजे असं नाही. पार्किंगची भांडणं, मेट्रोची कामं, काहीही चालेल.

आमच्या सोसायटीतल्या जर्मन शेफर्डला गोचीडताप झालाय. प्लेटलेट वीस हजारांवर आल्यात. ‘अर्जंट ब्लड हवंय’ असा मेसेज फिरतोय. माझा कुत्रा रक्त देऊ शकेल का? (ठाणे)

त्याचं वजन २५ किलोच्या वर असेल, वय एक ते आठच्या दरम्यान असेल, लसी पूर्ण असतील, त्याला स्वतःला कधी रक्त चढवलेलं नसेल आणि गोचिडांमुळे होणाऱ्या आजारांची तपासणी निगेटिव्ह आली तर देऊ शकेल. शेवटची अट महत्त्वाची. अर्लिकिया किंवा बबेसिया अंगात बाळगून वरवर मजेत फिरणारे कुत्रे आपल्याकडे भरपूर आहेत आणि अशा दात्याचं रक्त म्हणजे रोग्याला दुसरा आजार. रक्त मानेच्या शिरेतून घेतात, साधारण ४५० मिलीपर्यंत, पंधरा-वीस मिनिटांत. नंतर दोन दिवस गळ्यात पट्टा घालू नका, हार्नेस वापरा. कुत्र्यांमध्ये पहिल्या वेळी रक्त सहसा झेपतं, तरी वेळ असेल तर क्रॉसमॅच, म्हणजे दोघांचं रक्त जुळतं का याची तपासणी, करून घ्यावं.

पण आधी एक विचारा: डॉक्टरांनी रक्त मागितलंय का? रक्त लागतं ते मुख्यतः अॅनिमिया वाढल्यावर, म्हणजे हिरड्या पांढऱ्याफटक पडतात, धाप लागते, पीसीव्ही (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) फार खाली येतो तेव्हा. नुसत्या प्लेटलेटसाठी बाटलीभर रक्त चढवून फारसं हाती लागत नाही. अर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक वेळेवर सुरू झालं की प्लेटलेट बहुतेक वेळा काही दिवसांत चढायला लागतात. गोळ्या साधारण चार आठवडे पूर्ण द्यायच्या असतात. दहाव्या दिवशी कुत्रा खेळायला लागतो आणि लोक त्या बंद करतात. शेजारी म्हणून एवढी आठवण केलीत तरी पुष्कळ झालं. पपईच्या पानांचा रस हा डॉक्सिसायक्लिनचा पर्याय नाही, कृपया.

मेसेज पुढे पाठवताना त्यात कुत्र्याचं वजन, पीसीव्ही, दवाखान्याचं नाव आणि तारीख हवी. काम झाल्यावर ‘दाता मिळाला’ हेही तितक्याच तत्परतेने फिरवा. कुत्रा जाऊन महिना झाल्यावरही मालकाला रक्तदात्यांचे फोन येत राहतात.

माझ्या मैत्रिणीच्या तेरा वर्षांच्या कुत्रीला हाडाचा कॅन्सर आहे. डॉक्टरांनी ‘झोपवण्याचा’ पर्याय दिलाय. ती मला सारखं विचारते, ‘तू असतीस तर काय केलं असतंस?’ मी काय उत्तर देऊ? (नाशिक)

तुम्ही ‘मी दिलं असतं इंजेक्शन’ म्हणालात की निर्णयाचं अर्धं ओझं तुमच्या डोक्यावर, आणि पुढे कधी तिला पश्चात्ताप झाला तर बोट तुमच्याकडे. ‘मी नसतं दिलं’ म्हणालात तर त्याहून वाईट. तिला उलट प्रश्न करा: कुत्रीला सगळ्यात आवडणाऱ्या तीन गोष्टी कोणत्या? दारावरची बेल वाजली की धावणं, बाल्कनीतलं ऊन, रात्रीची भाकरी, जे असेल ते. त्यातलं आज काय उरलंय? अॅलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्यांनी २००४ मध्ये सात मुद्द्यांची मोजपट्टी मांडली: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे. मी ती कागदावर लिहून फ्रीजवर लावायला सांगते, कारण मनातल्या मनात गुण दिले की माणूस रोज एक-एक वाढवत जातो. कॅलेंडरवर चांगल्या दिवसाला हिरवी फुली, वाईटाला लाल, एवढं केलं तरी चालतं.

हाडाचा कॅन्सर फार दुखरा असतो. कुत्री कण्हत नाही म्हणजे दुखत नाही असं नसतं. धाप, जागा बदलत राहणं, एकच पाय चाटत बसणं, रात्री न झोपणं, असं ते दिसतं. काही घरांत दयामरण नको असतं, धर्माच्या किंवा मनाच्या कारणाने. त्यावर वाद घालू नका. पण मग डॉक्टरांकडून पुरेसं वेदनाशामक लिहून घ्यायचं आणि ते घड्याळ लावून द्यायचं, यावर मात्र ठाम राहा.

तिने हो म्हटलं तर तुम्ही सोबत जा. तिथे काय होतं ते तुम्हाला माहीत असलेलं बरं, तिला तेव्हा काही ऐकू येत नसतं. आधी गुंगीचं इंजेक्शन, मग शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस. मिनिटा-दोन मिनिटांत हृदय थांबतं. डोळे मिटत नाहीत, उघडेच राहतात. त्यानंतरही एक-दोन खोल श्वास आल्यासारखे वाटतात, एखादा स्नायू फडफडतो. ती जिवंत असल्याची खूण नव्हे, पण आधी सांगितलेलं नसेल तर माणूस किंचाळतो. लघवी आणि शी होते, म्हणून जुनी चादर आणि वर्तमानपत्रं घेऊन जा. पैसे आधीच भरून टाका. नंतर तिला काउंटरवर सुट्टे शोधत उभं राहायला लागू नये. शक्य असेल तर ओपीडी संपतानाची वेळ मागा.

पुढची व्यवस्थाही आदल्या दिवशी विचारून ठेवा. काही महापालिकांकडे पाळीव प्राण्यांसाठी दहनाची सोय आहे. मुंबईत मालाडला २०२३ पासून महापालिकेची आहे. नाशिकला काय आहे ते पशुसंवर्धन विभागाला फोन करून कळेल. पुरायचं असेल तर खड्डा तीन-चार फूट खोल हवा, विहीर-बोअरपासून लांब, आणि गोणी-प्लास्टिक न घालता. इंजेक्शनचं औषध शरीरात तसंच राहतं. उथळ पुरलं आणि दुसऱ्या जनावराने उकरलं तर तेही मरू शकतं. घरी मृत्यू झाला तर दोन-तीन तासांत अंग ताठरायला लागतं, त्याआधीच पाय पोटाशी घेऊन, तिच्या झोपण्याच्या पद्धतीने ठेवा. खाली प्लास्टिक, वर चादर, पोटाशी बर्फाच्या पिशव्या.

‘अजून एक ओपिनियन घ्यायला हवं होतं’ हे वाक्य तुमच्या तोंडून कधीही निघता कामा नये.

शेजाऱ्यांचं दोन महिन्यांचं पिल्लू पार्व्होने गेलं. मुलं रडून रडून आजारी पडलीत. आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना नवं पिल्लू सरप्राइज द्यायचं ठरवलंय. (कोल्हापूर)

नका देऊ. पार्व्होचा विषाणू त्या घरात, अंगणात महिनोन् महिने टिकतो, सावलीच्या ओलसर जागी वर्षभरही. फिनाईलने तो मरत नाही. फरशी आधी धुऊन मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असं मिश्रण दहा मिनिटं राहू द्यावं लागतं. मातीला तेही लागू पडत नाही, तिथे ऊनच कामाचं. तुमचं सरप्राइज त्याच फरशीवर लोळेल आणि आठवड्याभरात त्या मुलांना दुसरं मरण बघावं लागेल. पुढे त्यांनी स्वतःहून विषय काढलाच तर सोळा आठवड्यांनंतरचा शेवटचा डोस झालेलं पिल्लू बघा.

मुलांना ‘तो गावाला गेला’ असं सांगितलं असेल तर तेही दुरुस्त करायला सुचवा. मुलं गावाला जायचा हट्ट धरतात.

जावेचा अकरा वर्षांचा मोती गेला. ती जेवत नाही. सासूबाई म्हणतात, ‘कुत्र्याचं काय सुतक पाळायचंय का?’ मी मधे अडकलेय. (सातारा)

सासूबाईंशी शास्त्रार्थ करायच्या भानगडीत पडू नका. त्यांच्याच देवघरात दत्ताच्या पायाशी चार कुत्रे आहेत, खंडोबाच्या घोड्यासोबत एक असतो, आणि कुत्र्याला सोडून स्वर्गात यायला धर्मराजाने नकार दिला होता, हे सगळं त्यांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. त्यांना कुत्र्याचं दुःख पटत नसेल, पण ‘सूनबाईच्या पोटात दोन दिवस अन्न नाही’ हे नक्की पटेल. ते सांगा. जावेच्या वाटची दोन दिवसांची पोळ्या-भाजी तुम्ही उचला, आणि ताट तिच्या खोलीत न्या. मोतीची थाळी, पट्टा, गोधडी तिला न विचारता कुणी आवरून टाकणार नाही एवढं बघा. ‘दुसरा आणू’ हे निदान तुम्ही तरी बोलू नका.

दोन कुत्र्यांपैकी एक गेला. उरलेला दारापाशी बसून राहतो. मित्र म्हणतात, हे तुझ्या मनाचे खेळ आहेत. (पणजी)

नाहीत. २०२२ मध्ये इटलीतल्या ४२६ मालकांची पाहणी प्रसिद्ध झाली. सोबतचा कुत्रा गेल्यावर उरलेल्याच्या वागण्यात फरक पडल्याचं ८६ टक्क्यांनी सांगितलं. खाणं कमी, खेळ कमी, चिकटून राहणं जास्त. जेवणाच्या आणि फिरण्याच्या वेळा अजिबात बदलू नका. दीड-दोन दिवसांवर काहीच खाल्लं नाही तर दुःख समजून वाट बघत बसू नका, तपासून घ्या. दोघांना एकच संसर्ग असू शकतो.

मी न्यू जर्सीत असते. आई पुण्यात एकटी, ७१ वर्षांची. तिची पामेरियन चिनू गेल्यापासून ती घराबाहेर पडत नाही. मी इथून काय करू?

आईचं काय काय गेलंय ते बघा. सकाळ-संध्याकाळची दोन फिरणी गेली. त्या फिरण्यात भेटणारी माणसं गेली, जी एकमेकांना ‘चिनूची आई’, ‘टायगरचे बाबा’ म्हणून ओळखतात आणि कित्येकदा ज्यांना एकमेकांची खरी नावंही माहीत नसतात. कुत्री नाही म्हटल्यावर बागेत जायचं कुठल्या तोंडाने, असं अनेकींना वाटतं. त्या बागेतल्या एखाद्या काकूंचा नंबर मिळवा. तो सोसायटीच्या वॉचमनकडून किंवा आईच्या दवाखान्यातूनही निघतो. ‘आमचा बंटी फार ओढतो, तुम्ही जरा सोबत चला’ म्हणून त्यांनी आईला खाली बोलवावं. मदत मागितली की या वयाची माणसं निघतात. ‘तुम्हाला बरं वाटेल’ म्हटलं की निघत नाहीत.

तुम्ही फोनवर ‘आई, आता सावर’ म्हणण्याऐवजी चिनूबद्दल विचारा. शेवटच्या दिवशी काय झालं हे तिला कदाचित कुणालाच पूर्ण सांगायला मिळालेलं नसेल. तिसऱ्यांदा सांगितलं तरी ऐका.

झोप उडाली, वजन उतरलं, ‘मी तरी कशाला जगतेय’ अशी भाषा आली तर मात्र हे बागेवर सोडू नका. तिच्या डॉक्टरांशी बोला. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर आहे, चोवीस तास, फुकट आणि मराठीतही. नंबर तिला कळवा, शेजाऱ्यांनाही देऊन ठेवा. नवीन कुत्र्याचं इतक्यात नको. आणायचाच झाला तर पिल्लू नको, शांत, मोठ्या वयाचा बघा, आणि आईला काही झालं तर त्याला कोण घेणार हे तुम्ही भावंडांनी आधी ठरवा.