कोपऱ्यात कोणी नसतं, तरी ती बोलते

"मॅडम, ती कोपऱ्याकडे बघून बोलते. तिथं कोणीच नसतं." मुलांच्या मनाशी निगडित माझ्या कामात हे वाक्य थोड्याफार फरकाने इतक्या पालकांकडून ऐकलंय, की त्यापुढचं वाक्यही मला ठाऊक असतं : "सिनेमात अगदी असंच दाखवलं होतं."

भयपटांनी हे दृश्य आपल्या डोक्यात पक्कं बसवलंय. मूल एकटंच बसलेलं, ओठ हलताहेत, आणि कॅमेरा सावकाश रिकाम्या कोपऱ्याकडे वळतो. 'द शायनिंग' (१९८०) मधल्या छोट्या मुलाच्या तोंडात 'टोनी' नावाचा अदृश्य मित्र राहतो, आणि तो त्याला येऊ घातलेलं अरिष्ट दाखवतो. असे सिनेमे पाहिलेल्या आईबाबांनी घरात तेच चित्र पाहिलं तर त्यांच्या पोटात गोळा येणारच.

परवा अशीच पाच वर्षांची एक मुलगी आली (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). तिच्या अदृश्य मित्राचं नाव ढमू. बाबांनी बसण्याआधीच विचारलं, "तिला तो खरंच दिसतो का?"

मी विचारलं, "ढमू काय काय करतो?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ढमू आहे की नाही यावर घरात खूप चर्चा झाली होती. तो करतो काय, हे कोणी विचारलंच नव्हतं.

मुलगी मात्र कामाला लागली होती. माझ्या खोलीतली उशी तिने खुर्चीवर उभी केली, ओठांवर बोट ठेवलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "श्श! ढमू, बाळ उठेल ना! किती वेळा सांगायचं तुला?" सूर थेट आईचा. तिचा भाऊ दिवस भरायच्या आधीच जन्मला होता, बरेच दिवस दवाखान्यात राहून नुकताच घरी आला होता. तेव्हापासून घर कुजबुजत होतं आणि 'ताई किती शहाणी झाली' असं कौतुक चाललं होतं.

"ढमूला काय करायचंय गं?"

"ढोल वाजवायचाय. पण नाही वाजवायचा. तो वाईट्ट आहे."

"त्याला वाजवता येईल अशी एखादी जागा आहे का?"

ती बराच वेळ गप्प राहिली. अशा वेळी मी मदतीला धावत नाही. इतक्या वर्षांत कमावलेली ही सवय मी जपून ठेवली आहे. मग बाबांकडे न बघताच ती म्हणाली, "बाबांच्या गाडीत."

बाबा सावरून बसले. "चालेल. काचा लावून घेऊ. मग ढमूला हवा तेवढा दंगा करू दे."

तिचा चेहरा उजळला. आणि मग, मला काही कळत नसावं अशा समजुतीच्या सुरात ती मला म्हणाली, "ढमू खोटा-खोटा आहे हं. वाजवणार मीच!"

बाबांना त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं, तेही मी न देता. शहाण्या ताईला जो दंगा करता येत नव्हता, तो ढमूच्या नावावर जमा होत होता. आईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते भीतीचं नव्हतं.

मी विनिकॉट यांना मानणारी आहे. 'प्लेइंग अँड रिअ‍ॅलिटी' (१९७१) लिहिणारे हे बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. मुलाच्या लाडक्या वस्तूबद्दल 'हे तू बनवलंस की तुला बाहेर सापडलं?' असा प्रश्न मोठ्यांनी विचारायचाच नाही, असं ते सांगत. सिनेमाची अडचण मला इथेच दिसते. कॅमेऱ्याला ठरवावं लागतं : मित्र दाखवायचा की रिकामा कोपरा? मुलाला खेळताना असं काही ठरवावं लागत नाही.

जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकींच्या 'माय नेबर टोटोरो' (१९८८) या चित्रपटात हे फार सुंदर सांभाळलंय. तिथे आई दवाखान्यात आहे. धाकटी मेई एका अवाढव्य प्राण्याला भेटते आणि त्याच्यासमोर मनसोक्त ओरडते. ती सांगते ते बाबा खोडून काढत नाहीत आणि पुरावाही मागत नाहीत. तुला वनातला देव भेटला असेल, असं म्हणून ते दोघी मुलींना घेऊन झाडाला नमस्कार करायला जातात. वाऱ्याने घर हादरतं तेव्हा आंघोळ करता करता ते मोठमोठ्याने हसू लागतात आणि मुलींनाही हसवतात. ढमूच्या बाबांना मी हा सिनेमा लेकीला मांडीवर घेऊन पाहायला सांगितलं.

काही गोष्टी मात्र टाळा. 'बघ, ढमू भाजी खातो' असं म्हणून त्याला शिस्तीच्या कामाला जुंपू नका. तो मित्र मुलाचा आहे. त्याचं पान वाढायचं की नाही, हे मुलालाच ठरवू द्या. आणि तो कधी जाणार याची वाट पाहत बसू नका. 'इनसाइड आउट' (२०१५) मधला बिंग बाँग हा लहानपणीचा काल्पनिक मित्र विस्मरणात विरून जातो तेव्हा मोठी माणसं रडतात. मुलं सहसा असा निरोपसमारंभ करत नाहीत, त्यांचा त्यातला रस आपोआप ओसरतो. मानसशास्त्रज्ञ मार्जोरी टेलर आणि सहकाऱ्यांच्या २००४ सालच्या अमेरिकी अभ्यासात सातव्या वर्षापर्यंत ६५ टक्के मुलांना कधी ना कधी असा सोबती होता. त्यात अदृश्य मित्र आले, तशी जिवंत मानलेली खेळणीही आली.

मित्र स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असेल, मूल त्याला खरोखर घाबरत असेल आणि खेळ थांबवू शकत नसेल, झोप-जेवण बिघडलं असेल, येत असलेल्या गोष्टी येईनाशा झाल्या असतील, किंवा इतर मुलांत मिसळणं पूर्ण सुटलं असेल, तर बालमानसोपचारतज्ज्ञांना लगेच दाखवा. या मुलीत यातलं काहीच नव्हतं. गाडीतला ढोल सुरू झाल्याचं कळल्यावर मी तिच्या आईबाबांना पुढची वेळ दिली नाही.