'पंचायत'मधला प्रल्हाद आणि त्याला न मिळालेला वेळ

'पंचायत' या हिंदी वेब मालिकेच्या दुसऱ्या पर्वाच्या (2022) 'परिवार' या आठव्या आणि शेवटच्या भागाने प्रेक्षकांची फसवणूक केली, सात भाग हसवून अखेरीस प्रल्हादच्या, सैन्यात जवान असलेल्या मुलाचा मृत्यू दाखवणे हा रडवण्याचा सोपा मार्ग आहे, असे आपण आपल्या समीक्षेत लिहिले आहे. मला तो भाग मनापासून आवडला आणि त्यातच एक गोष्ट फार खटकलीही. मात्र माझी तक्रार आपल्यापेक्षा वेगळी आहे.

हसवता हसवता रडवणे आम्हा सिंधुदुर्गातल्या माणसांना नवे नाही. जत्रेतल्या दशावतारात आधी संकासुर हे विनोदी पात्र पोट धरून हसवते आणि त्याच रात्री, त्याच जागी, आख्यानात हरिश्चंद्र-तारामतीचा वियोग आला की पुढे बसलेल्या बायका डोळ्यांना पदर लावतात. पण तिथे नाईक, म्हणजे खेळाचा गायक-सूत्रधार, पायपेटीवर पद धरतो, पखवाज हळू होतो आणि नट तेच दुःख पुन्हापुन्हा बोलून दाखवतो, कारण पहाटेपर्यंत वेळ असतो.

नेमका तो वेळ प्रल्हादला मिळाला नाही. पंचायत कार्यालयातल्या विकासबरोबर सतत हसत-खिदळत असणाऱ्या या विधुर उपप्रधानावरच (उपसरपंचावरच) आघात व्हावा, ही लेखकाची निवड मला अचूक वाटते, आणि फैजल मलिक यांनी तो सुन्न झालेला बाप जवळजवळ शब्दांवाचून उभा केला आहे. परंतु फुलेऱ्यात, म्हणजे मालिकेतल्या गावात, अंत्यदर्शनाला निघालेल्या आमदाराला गावात येऊ न देण्याचा प्रसंग मध्ये येतो आणि पाहणाऱ्याचे मन दुःखावरून सुटून गाव आणि आमदार यांच्यातल्या जुन्या भांडणाच्या निकालाकडे वळते. आमदाराला अडवणे रास्तच होते. ती वेळ मात्र त्या बापाची होती.

आमच्या शेजारचे आबा सैन्यातून निवृत्त झालेले, त्यांचा धाकटा मुलगाही सैन्यात. तो भाग ते आमच्याकडे बसून पाहत होते. आमदाराची गाडी दिसताच हातातला चहा तसाच ठेवून ते टीव्हीकडे पाहत म्हणाले, "त्या बापाशीक जरा रडाक तरी दी रे!" आणि उठून खळ्यात तुळशीजवळ जाऊन उभे राहिले. चहावर साय धरली तरी ते आत आले नाहीत. माझा आक्षेप त्यांच्या त्या एका वाक्यात आहे.

म्हणून मालिका इथेच सोडू नये, अशी माझी आपल्याला विनंती आहे. 2024 साली आलेल्या तिसऱ्या पर्वात दारूत बुडालेला, भरपाईच्या पन्नास लाखांचे काय करावे हे न उमजणारा प्रल्हाद आपल्याला सावकाश भेटतो, आणि दुसऱ्या पर्वात राहून गेलेला शोक तिथे पुरा होतो. ते पर्व आबांनी चहा न ठेवता, शेवटपर्यंत बसून पाहिले.