डेंगे हलवणारे खेकडे गेले कुठे?

प्रश्न : आमच्या घरामागं तिवरांचं खाजण आहे. सात-आठ वर्षांपूर्वीपर्यंत ओहोटी लागली की तिथं तांबड्या डेंग्याचे (नांगीचे) बारके खेकडे शेकड्यानं डेंगा हलवत बसायचे. खारबंधारा दुरुस्त झाला आणि ते दिसेनासे झाले. आता काळपट, चौकोनी पाठीचे खेकडे पानं बिळात ओढून नेतात. ते झाडं संपवतील म्हणून शेजारी बिळांत औषध ओतायला निघालेत. काय करावं?
— एक वाचक, ता. गुहागर

उत्तर : ते औषध आधी परत करायला लावा. पानं नेणारे खेकडे उभं तिवर संपवत नाहीत. ते बहुतेक गळलेली पानंच नेतात, आणि त्यांचे तुकडे चिखलात मिसळतात. खाजणातला चिखल वीतभर उकरून बघा. काळाकुट्ट, सडक्या अंड्याचा वास. तिथं हवा पोचतच नाही, ती पोचवतात ही बिळं. नवीन लावलेली कोवळी रोपं मात्र ते कुरतडतात, एवढी तक्रार खरी आहे.

आता तुमचे तांबडे डेंगेवाले. नराचा एक डेंगा जवळपास अंगाएवढा, पण तो मादीला खुणावायला आणि भांडायला. जेवायला दुसरा, बारका. म्हणजे बिचारा एका हातानं जेवतो, मादी दोन्ही हातांनी! चिखलाची चिमूट तोंडात घालायची, पाण्यात चाळून सूक्ष्म शेवाळ तेवढं ठेवायचं आणि उरल्या चिखलाची गोळी खाली टाकायची. बिळाभोवती मोहरी सांडल्यासारख्या गोळ्या दिसतात, त्या याच.

या जेवणाला ओला चिखल लागतो. बंधाऱ्याची उघाडी, म्हणजे झडपेची मोरी, ओहोटीला पाणी बाहेर सोडते आणि भरतीला मिटते. आतला चिखल सुकतो, वैशाखात त्यावर मिठाची पांढरी साय धरते. शिवाय या खेकड्यांची पिल्लं आधी पाण्यात तरंगत वाढतात आणि भरतीबरोबर काठाला लागतात. दारच मिटलं तर नवी पिढी आत यायची कुठून? पानं खाणाऱ्यांना रोजच्या भरतीची एवढी गरज नसते, म्हणून ते टिकले.

खात्री करायची असेल तर बंधाऱ्याच्या बाहेर, खाडीच्या अंगाला जा. ओहोटी लागल्यावर तासाभरानं एका जागी दहा मिनिटं न हलता उभे राहा. पाऊल वाजलं की सगळे बिळात. भाट्याच्या खाडीत विद्यार्थ्यांना घेऊन मी असाच उभा राहिलो होतो. खेकडे आले, पण मी गुडघाभर रुतलो. पोरांनी ओढून काढलं, डावी चप्पल तिथंच राहिली. तुम्ही फळी टाकून उभे राहा.

बाहेर ते असतील तर उघाडीची झडप काही दिवस उचलून ठेवता येईल का, हा पुढचा प्रश्न. आत कुणाची भातशेती असेल तर त्याला विचारल्याशिवाय झडपेला हात लावू नका, खाऱ्या पाण्यानं त्याची जमीन जाईल.